चीत, बरोबरी आणि गुण : कुस्तीचा निकाल उघड होण्याचा इतिहास, खानदेशातील तीन नोंदींच्या संदर्भात

महाराष्ट्र केसरी किताबाच्या विजेत्यांची जी यादी आज सर्वत्र छापली जाते, तीत खानदेशासंबंधीच्या तीन नोंदी अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात. १९६२, धुळे : भगवान मोरे. १९६६, जळगाव : दीनानाथ सिंह. १९७७, चाळीसगाव : निकाल नाही. पहिल्या दोन नोंदींत एक वर्ष, एक गाव व एक नाव आहे. तिसरीत नावाची जागा दोन शब्दांनी घेतली आहे. यादीचे स्वरूप सर्वत्र असेच आहे. विजेत्याने प्रतिस्पर्ध्यास चीत केले, की गुणांवर मात केली, गुण किती, ते कोणी दिले, कोणत्या डावाबद्दल दिले, यांपैकी कशाचाही उल्लेख तीत नाही. निकाल आहे, निकालाचे कारण नाही.

राजकीय इतिहासाचा विद्यार्थी असल्या यादीकडे फारसे लक्ष देणार नाही. परंतु निर्णय देणारा आणि निर्णय मानणारा यांच्यामधला विश्वास कशावर उभा असतो, हा ज्याचा विषय आहे त्याला या तीन नोंदी बऱ्याच उपयोगी पडतात. एखाद्या मल्लाने वर्षभर तालमीत घाम गाळावयाचा, घरच्यांनी दूधतुपाचा खर्च सोसावयाचा, आणि सहा मिनिटांच्या अखेरीस तीन माणसांच्या बोटांच्या खुणेवर त्याचे भवितव्य ठरावयाचे, हा व्यवहार ज्या समाजात चालतो तेथे त्या खुणेचा अर्थ सर्वांना कळणे ही केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही. किताबामागून मानधन येते, नोकरी येते. त्यामुळे एका गुणाची किंमत पुष्कळदा एका कुटुंबाच्या स्थैर्याइतकी असते.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. कारण कुस्तीच्या निकालाचा जुना इतिहास कागदात कमी आणि भाषेत अधिक टिकून राहिला आहे. ‘कुस्ती’ व ‘पहिलवान’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘तालीम’ व ‘वस्ताद’ हेही इस्लामी राजवटींच्या काळातील भाषासंपर्काचेच फळ. ‘आखाडा’ मात्र ‘अक्षवाट’ या संस्कृत शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. म्हणजे जागा जुनी, आणि तीत शिकविण्याची व शिकणाऱ्याची नावे नंतरची, असा हा थर दिसतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे सविस्तर वर्णन आहे, त्यावरून मल्लांची प्रतवारी लावणे व त्यांच्या जोडी लावणे या गोष्टी त्या काळीही नीट रुळलेल्या होत्या असे दिसते. तेथे पाहणारा मुख्यतः राजा आहे. निकाल राजाच्या डोळ्यांपुढे लागला म्हणजे पुरेसे होते.

निकालाचे शब्द याहून बोलके आहेत. ‘चीत’ म्हणजे उताणा, ‘पट’ म्हणजे पालथा. हिंदीत ही जोडी आजही वेगवेगळ्या अर्थांनी नांदते. नाणे उडविताना त्याच्या दोन बाजू सांगण्यासाठीही तीच वापरली जाते. मराठीत मात्र ‘चितपट’ हा जोडशब्द एकाच अंगाकडे कलला आणि ‘पुरता उताणा पाडलेला’ एवढाच त्याचा अर्थ उरला. ‘पट’ हा शब्द आखाड्यात स्वतंत्रपणे राहिला तो दुसऱ्याच अर्थाने, पाय ओढून घेण्याच्या डावाचे नाव म्हणून : एकेरी पट, दुहेरी पट. जोडशब्दातील एक घटक अर्थहीन होऊन केवळ जोर देण्यापुरता उरण्याची उदाहरणे मराठीत विपुल आहेत. परंतु येथे अर्थलोपास कारणही आहे. पालथा पडलेला मल्ल हरलेला नसतो. तो जमीन धरून राहू शकतो, तासभर राहू शकतो. निकालाच्या दृष्टीने पालथेपणाला किंमत नसल्यामुळे शब्दातूनही त्याची किंमत गेली असावी.

त्याहून लक्षणीय असे तीन वाक्प्रचार आहेत : ‘आसमान दाखविणे’, ‘पाठ लावणे’ आणि ‘पाठीला माती लागणे’. तिन्हींत निकालाचा पुरावा सांगितलेला आहे, निकाल देणारा सांगितलेला नाही. ज्याला आकाश दिसले तो हरला. ज्याच्या पाठीला माती लागली तो हरला. पंचाने काय म्हटले याचा निर्देश या शब्दांत कोठेच नाही, कारण पुरावा पाचशे माणसांच्या डोळ्यांपुढे हरणाऱ्याच्या अंगावर उमटलेला असे. उठून उभ्या राहिलेल्या मल्लाची पाठ हीच निकालपत्रिका. भाषेने असा निकाल लावणाऱ्या समाजाला ‘पारदर्शकता’ या शब्दाची गरज कधी भासली नाही यात नवल नाही. तो शब्द मराठीत अलीकडचा आहे आणि कार्यालयीन भाषेतून आलेला आहे.

अर्थात् हे चित्र थोडे अधिक उजळ करून पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. मातीतले दोन्ही मल्ल सलामीपासूनच एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. पकड बसावी, घाम सुटू नये, हा त्याचा हेतू. अशा अंगावर नेमकी शेवटची माती कोणती हे सांगणे सोपे नसते. खांदा टेकला की दोन्ही खांदे टेकले, टेकले ते एकाच वेळी की मागेपुढे, यावर जत्रेत वाद होत आणि होतातही. फरक इतकाच की तो वाद ज्या गोष्टीवर चाले ती गोष्ट वाद घालणाऱ्या प्रत्येकाने स्वतः पाहिलेली असे. पंच अधिक जवळून पाहत असे, पण वेगळे काही पाहत नसे.

खानदेशातील गावोगावच्या यात्रांत ही पद्धत आजही जिवंत आहे. दुपार कलली की मोकळ्या मैदानात फड भरतो. आधी रेवड्यांवर लहान मुलांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग इनामाच्या रकमेप्रमाणे चढत जाणाऱ्या, आणि अखेरीस मानाची कुस्ती. जोड लावताना वजनकाटा नसतो. गावातील जाणती माणसे दोन अंगांकडे पाहून जोड पसंत करतात. प्रेक्षकांना ती जोड विषम वाटली तर ते ओरडून सांगतात आणि पुष्कळदा जोड बदलली जाते. निवड उघड्यावर, कुस्ती उघड्यावर, इनामही उघड्यावर. ही पद्धत शास्त्रशुद्ध नव्हे, न्याय्यही नेहमीच नव्हे. जत्रेच्या पंचमंडळींत कोण बसावयाचे हे गावातील प्रतिष्ठेवर ठरते, आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आला की जातीचा व जमिनीचा प्रश्न दूर राहत नाही. तथापि निकालाची कसोटी सर्वांना ठाऊक असल्यामुळे पंचाच्या मनमानीस मर्यादा पडते.

‘पंच’ या शब्दातही एक इतिहास दडलेला आहे. मुळात तो संख्यावाचक. पाच जणांच्या निवाड्याची स्मृती त्यात आहे. पुढे एकटा माणूसही पंच म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि आज आखाड्यातील एकाच अधिकाऱ्यास ‘पंच’ म्हणताना संख्येची आठवण कोणालाही होत नाही. अनेकांचा निवाडा एकाच्या हाती गेल्यानंतरही अनेकांच्या निवाड्याची प्रतिष्ठा त्या नावाबरोबर त्याला मिळाली, हा शब्दार्थाच्या इतिहासातील एक लहानसा पण अर्थपूर्ण योग आहे.

जुन्या पद्धतीत तिसरा निकाल होता तो बरोबरीचा. कुस्ती ‘बरोबरीत सोडविली’ असे म्हणतात. येथे ‘सोडविणे’ या क्रियापदाकडे लक्ष दिले पाहिजे. दोघे एकमेकांत गुंतले आहेत, सुटत नाहीत, तेव्हा बाहेरचा कोणी त्यांना सोडवितो. जिंकले-हरले असे काही ठरत नाही. दोन नामांकित तालमींचे मल्ल समोरासमोर आले, अंधार पडू लागला, आणि कोणीच चीत होत नाही असे दिसले म्हणजे बरोबरी हा सर्वांच्या अब्रूचा मार्ग असे. त्यावर नाराजीही होई. प्रेक्षक पैसे मोजून आलेले असत, म्हणूनच ‘निकाली कुस्ती’ असे वेगळे जाहीर करण्याची प्रथा पडली. ‘निकाली’ हे विशेषण मुद्दाम लावावे लागे यावरूनच बिननिकाली कुस्ती किती नित्याची होती हे कळते.

गुणांची पद्धत आली ती या बरोबरीवर उपाय म्हणून. चीत झाले नाही तरी कोण वरचढ होता हे ठरविता आले पाहिजे, आणि ठरलेल्या वेळेत ठरविता आले पाहिजे, ही ऑलिंपिक स्पर्धांची गरज होती. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ज्या नियमांखाली लढले, त्यांत निकाल न लागलेल्या कुस्तीत तीन पंचांच्या बहुमताने विजेता ठरे, आणि जय-पराजयाच्या प्रकाराप्रमाणे मल्लाच्या नावावर दोषगुण चढत. मर्यादा ओलांडली की तो स्पर्धेतून बाद. एखादा मल्ल नेमका का हरला हे प्रेक्षकाला तीन पंचांच्या मतांवरून कळे, कारणांवरून नव्हे. याच खाशाबांविषयी एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. हेलसिंकीपूर्वी मद्रास येथील स्पर्धेत एका गुणाने त्यांचा पराभव दाखविण्यात आला. तो अन्याय आहे म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले. तपशिलांत पाठभेद असतील. तरी या हकीकतीची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे : गुणांवरील संशयाचे निरसन गुणांची फेरमोजणी करून झाले नाही, तर जुन्या कसोटीकडे परत जाऊन झाले. ज्या निर्णयाचे कारण दाखविता येत नाही, त्यावर उतारा म्हणून ज्याला कारणच लागत नाही असा निर्णय शोधला गेला.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली आणि ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ साली औरंगाबाद येथे प्रथम दिला गेला. मानकरी दिनकर दह्यारी. त्याच्या पुढच्याच वर्षी अधिवेशन धुळ्यास आले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. नव्या राज्याने आपल्या प्रदेशांची ओळख एकमेकांना करून देण्याचे जे अनेक प्रसंग निर्माण केले, त्यांत फिरते अधिवेशन हा एक होता. नाट्यस्पर्धा, साहित्यसंमेलने आणि कुस्ती यांची वाटचाल या बाबतीत सारखी आहे. कोल्हापूर-सांगलीच्या आखाड्यांचा दबदबा मोठा. तरीही पहिल्या सहा वर्षांत किताबाचा फड धुळ्यास, अमरावतीस, जळगावास भरला, हे केवळ क्रीडाविषयक धोरण म्हणून वाचता येणार नाही.

परंतु फिरत्या अधिवेशनाबरोबर एक अडचणही फिरू लागली. जत्रेतील पंच गावाचा असे. त्याला गाव ओळखत असे आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठून जाब विचारू शकत असे. अधिवेशनाचा पंच बाहेरून येतो, संघटनेच्या नियुक्तीने येतो आणि निर्णय देऊन जातो. त्याच्याविषयीचा विश्वास ओळखीवर उभा राहू शकत नाही. तो नियमांवर व नोंदींवर उभा राहावा लागतो. म्हणजे नेमक्या ज्या काळात निकाल चीत-पटावरून गुणांवर सरकू लागला, त्याच काळात निकाल देणाराही ओळखीच्या कक्षेबाहेर गेला. दोन्ही आधार एकदमच सुटले. त्यांच्या जागी जे यावयास हवे होते ते, म्हणजे प्रत्येक गुणाची वेळ, डाव व पंच यांसह जाहीर नोंद, मात्र त्या वेगाने आले नाही.

चाळीसगावच्या ‘निकाल नाही’ या नोंदीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. यादीत अशी आणखीही काही वर्षे आहेत. वरकरणी ही नोंद अपयशाची आहे : शेवटची कुस्ती झाली, किताब कोणालाच दिला गेला नाही. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता ही जुन्या ‘बरोबरी’ची नव्या यादीतील शेवटची पावले आहेत. कोणाला तरी विजेता ठरविलेच पाहिजे, या तत्त्वाला येथे अजून पूर्ण मान्यता मिळालेली नव्हती. निकाल न देणे हाही पंचांचा अधिकार मानला जात होता. आजच्या नियमांत हा अधिकार उरलेला नाही. गुण समान झाले तर अधिक मोलाचा डाव कोणाचा, ताकीद कोणाला कमी, आणि तेही सारखे असेल तर शेवटचा गुण कोणी मिळविला, या क्रमाने विजेता निघतोच. बरोबरी संपली, आणि तिच्याबरोबर ‘आम्हांला ठरविता येत नाही’ असे उघडपणे सांगण्याची सोयही संपली. या बदलात न्याय वाढला की केवळ निर्णय वाढले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

‘गुण’ हा शब्द या प्रक्रियेत मराठीने फार सहजपणे स्वीकारला. शाळेत ‘मार्क’ बोलले जाते आणि गुणपत्रिकेवर ‘गुण’ छापले जाते. आखाड्यात प्रेक्षक ‘पॉइंट’ म्हणतो आणि वृत्तपत्र ‘गुण’ लिहिते. भाषांतर म्हणून ते सोयीचे असले तरी त्यात एक अर्थच्छाया अधिक आली आहे. ‘पॉइंट’ म्हणजे नुसती खूण, मोजणीचा ठिपका. ‘गुण’ म्हणजे वस्तूत असलेला धर्म, तिची योग्यता. त्यामुळे गुण ‘दिला’ असे म्हणताना, तो मल्लाच्या अंगी होता आणि पंचाने फक्त ओळखला, अशी समजूत शब्दातच अंतर्भूत होते. गुण चुकीचा दिला गेला तर मराठी प्रेक्षकाला तो मोजणीतील चूक न वाटता योग्यतेचा अपहार वाटतो, याचे थोडेसे कारण या शब्दात असावे. ‘दोषगुण’ हा प्रकार तर या दृष्टीने विरोधाभासाचा नमुनाच होय.

आंतरराष्ट्रीय नियमांचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे, आणि तो सरळ प्रगतीचा नाही. २००५ पासून काही वर्षे फेरी शून्य-शून्य राहिली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून कोणाला पकडीचा लाभ द्यावयाचा ते ठरविले जाई. पद्धत संपूर्ण उघड होती. सर्वांसमोर चेंडू निघे. पक्षपातास जागाच नव्हती. तरीही मल्ल व प्रेक्षक दोघेही तिला कंटाळले, कारण जे उघड दिसत होते त्याचा कुस्तीशी संबंध नव्हता. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जी घाईची सुधारणा झाली तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण ही सोपी पद्धत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात कुस्तीचे स्थान परत मिळाले. प्रेक्षकाला कळत नाही हे कारण एखाद्या खेळाच्या मुळावर येऊ शकते, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

सध्याच्या रचनेत आखाड्यातला पंच बोटांनी गुण दाखवितो, मनगटावरील लाल वा निळ्या पट्टीने तो कोणाचा हे कळते; बाजूचा पंच आणि आखाडाप्रमुख हे आणखी दोघे असतात; तिघांपैकी दोघांचे मत जुळावे लागते. खाली पाडून ताबा मिळविला तर दोन, धोक्याच्या स्थितीत पाठ वळविली तर दोन, उचलून मोठा फेक केला तर चार वा पाच, वर्तुळाबाहेर ढकलला तर एक. प्रशिक्षक निर्णयास आव्हान देऊ शकतो, चित्रफीत पुन्हा पाहिली जाते, आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. मल्लाच्या गोटाला शंका घेण्याचा अधिकार मिळाला, पण त्या अधिकाराची किंमतही ठरविली गेली. यातील व्यवहारज्ञान वादातीत आहे.

इतर खेळांनी याच वाटेवर खाल्लेल्या ठेचा पाहण्यासारख्या आहेत. १९८८ साली सोल येथे अमेरिकेच्या रॉय जोन्स याच्याविरुद्ध ३-२ असा जो निर्णय गेला, त्यानंतर मुष्टियुद्धात १९९२ पासून बटणांची पद्धत आणली गेली : पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच ठोसा धरावयाचा. मोजणी यंत्राची, म्हणून निःपक्षपाती. प्रत्यक्षात पंचांच्या नजरेस स्पष्ट पडतील असे एकेकटे ठोसे मारण्याकडे खेळ वळला. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली आणि २०१६ च्या रिओ स्पर्धेत पुन्हा पंचांनाच दूर करण्याची वेळ आली. बर्फावरील नृत्यस्पर्धेत २००२ च्या घोटाळ्यानंतर गुणांचे सविस्तर तक्ते आले, पण कोणता गुण कोणत्या परीक्षकाचा हे मात्र दबाव टाळण्यासाठी म्हणून लपविले गेले. ती गुप्तता २०१६ साली रद्द झाली. कसरतींच्या खेळात २००६ पासून काठिण्याचे व सफाईचे गुण वेगळे दाखवितात. अमेरिकेतील महाविद्यालयीन मैदानांवर जन्मलेल्या आणि २०२१ साली ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळालेल्या चिअरलीडिंगसारख्या सांघिक कसरतीतही हाच प्रश्न उभा आहे : मनोरे, उड्या व सफाई यांचे रकाने आहेत, परीक्षकांचे आकडे आहेत, पण हरलेल्या चमूला आकड्यामागील वाक्य हवे असते. या सर्व उदाहरणांत एक भेद सारखा प्रत्ययास येतो. आकडा उघड करणे वेगळे आणि आकड्याचे कारण उघड करणे वेगळे. पहिले यंत्राने साधते. दुसऱ्याला भाषा लागते.

महाराष्ट्रातील अलीकडचे दोन प्रसंग या भेदाचीच उदाहरणे होत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या लढतीत सिकंदर शेख याच्याविरुद्ध महेंद्र गायकवाड याला बाहेरच्या टांगेबद्दल चार गुण मिळाले. डाव लागला याविषयी वाद नव्हता. प्रतिस्पर्धी धोक्याच्या स्थितीत गेला की नाही, म्हणजे गुण चार की कमी, हा वाद होता. लाखो लोकांनी चित्रफीत पाहिली आणि प्रत्येकाने आपला निकाल लावला. पंचास धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. सर्वांनी सर्व काही पाहिले होते. नियमातील ‘धोक्याची स्थिती’ म्हणजे नेमके काय, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते, आणि ते त्या क्षणी कोणी त्यांच्या भाषेत सांगितले नाही. दुसरा प्रसंग २ फेब्रुवारी २०२५ चा, अहिल्यानगर येथील. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय झाला. राक्षेने पाठ टेकलीच नसल्याचे सांगून चित्रफीत पाहण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. आणि त्याने पंचास लाथ मारली. अंतिम लढतीतही गुणावरून वाद होऊन गायकवाड अखेरच्या क्षणी गादी सोडून गेला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचे समर्थन कोणीही करणार नाही. पण या प्रसंगात वाद गुणाचा नव्हता, चीत होण्याचा होता, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने गंभीर आहे. जी कसोटी शतकानुशतके स्वतःच स्वतःचा पुरावा होती, ती गादीवर आल्यानंतर पंचाच्या शब्दावर अवलंबून राहिली. गादीवर माती नाही. पाठीवर काही उमटत नाही.

यात आणखी एक गुंतागुंत म्हणजे पंचांची नेमणूक कोणी करावयाची याविषयीच एकमत उरलेले नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरीच्या दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या आणि दोन विजेते झाले. ‘निकाल नाही’ या १९७७ च्या नोंदीशेजारी ‘निकाल दोन’ ही २०२३ ची नोंद ठेवली म्हणजे मधल्या सेहेचाळीस वर्षांत कोणता प्रश्न सुटला आणि कोणता सुटला नाही, ते दिसते.

या सर्व विवेचनात एका माणसाचा उल्लेख राहिला आहे, आणि तो पंचाइतकाच महत्त्वाचा आहे. तो म्हणजे मैदानाचा निवेदक. मैदानी कुस्तीत ध्वनिक्षेपकावर बोलणारा हा माणूस मल्लाचे गाव सांगतो, वस्तादाचे नाव सांगतो आणि मुख्य म्हणजे डावाचे नाव सांगतो : ढाक लागली, घिस्सा ओढला, एकलंगी भरली, आतून आकडी घातली, मोळी बांधली. पुढे निकाल लागला तर तो कशाने लागला हे प्रेक्षकाला नावानिशी ठाऊक असते. पंचांच्या कारभारावर ही एक न मागता मिळालेली देखरेख आहे. कारण ज्या डावाचे नाव हजारो लोकांसमोर उच्चारले गेले, तो डाव झालाच नाही असे म्हणणे कठीण. गादीवरील स्पर्धांत ही जागा फलकाने घेतली. फलकावर ४ दिसतात, २ दिसतात. ‘बाहेरची टांग’ दिसत नाही. आंतरराष्ट्रीय तंत्रातील संज्ञांना मराठीत नावे नाहीत असे नव्हे. गादीवरच्या लोळविण्याला ‘भारंदाज’ म्हणून आणि दहा गुणांच्या आघाडीवरील विजयाला ‘तांत्रिक गुणाधिक्य’ म्हणून वृत्तपत्रांनी शब्द रूढ केले आहेत. यांपैकी पहिला आखाड्याचा आहे म्हणून लगेच रुळला. दुसरा भाषांतराचा आहे, तो छापला जातो, बोलला जात नाही.

खानदेशात हे अंतर अधिक जाणवते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी याने २०१४, २०१५ व २०१६ असा सलग तीन वेळा किताब मिळविला. नरसिंग यादव याच्यानंतर सलग तीनदा किताब जिंकणारा तो दुसरा मल्ल. त्याच्या विजयाने या भागातील तालमींकडे मुले पुन्हा वळली, आणि ती वळली ती मातीतल्या कुस्तीकडून गादीवरच्या कुस्तीकडे जाण्यासाठीच. कारण किताब, शिष्यवृत्ती व नोकरी यांचा रस्ता गादीवरून जातो. या मुलांचे वस्ताद अहिराणीत शिकवितात, डावांची नावे मराठी-हिंदीतून देतात आणि नियमपुस्तक बहुधा इंग्रजीत असते. आव्हानाचा अधिकार कधी वापरावयाचा, धोक्याची स्थिती किती अंशांची, ताकीद कशाबद्दल, हे मुलाला कळावयाचे तर ते त्या तीन भाषांच्या मधून गाळून येते. आव्हान फसले तर गुण जातो, हे आधी सांगितलेच आहे. ज्याच्या गोटात नियम नीट वाचणारा कोणी नाही, त्याला ते आव्हान परवडत नाही.

१९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेतील कुस्त्यांचे निकाल प्रतिस्पर्ध्यांसह आज कोणालाही पाहता येतात. जागतिक संघटनेच्या स्पर्धांतील अलीकडच्या लढतींचे तर प्रत्येक गुणाचे टिपण उपलब्ध असते. महाराष्ट्र केसरीच्या प्रचलित यादीत १९६२ च्या धुळ्यासमोर आणि २०२५ च्या अहिल्यानगरासमोर सारख्याच लांबीची नोंद आहे : वर्ष, गाव, नाव.